उघड्या चेहऱ्याचा कप्तान

व्यक्तिचित्रे आवडत्या माणसांची लिहावीत असा आपल्याकडे संकेत आहे. ज्याच्याविषयी मी हे लिहीत आहे तो मनुष्य मला आवडत नव्हता, आणि त्यालाही मी आवडत नव्हतो. काही वर्षे आम्ही रोज एकाच गेटातून आत जात होतो. त्या काळात तो माझ्याशी एकदाही गोड बोलल्याचे मला आठवत नाही, आणि मीही त्याला तशी संधी दिली नाही. आता वय झाले, पुष्कळ राग आपोआप निवले. हा तितकासा निवलेला नाही. तरीही माघातली वद्य चतुर्दशी आली आणि देवापुढे बसून भस्माची डबी उघडली, की पहिला चेहरा त्याचा डोळ्यांपुढे येतो. शिवस्मरणाच्या वेळी नावडता मनुष्य आठवावा, याचाही मला दरवर्षी थोडा राग येतो.

त्याचे नाव बुद्रो. अमेरिकेच्या दक्षिणेस लुइझियाना नावाचा प्रांत आहे, तिथल्या दलदलीच्या मुलखातला. इराकचे आक्रमण संपल्यावर कुवेतच्या जळत्या तेलविहिरी विझवायला जी माणसे आली त्यांत तो होता. आगी विझल्या, माणसे परतली, हा राहिला, आणि आमच्या रिफायनरीत सुरक्षा विभागाचा प्रमुख झाला. मी तेथे प्रयोगशाळेत रसायनज्ञ होतो. मूळचा नाशिकचा, लहानपणी पाठशाळेत रुद्र, व्याकरण आणि काव्य शिकून मग रसायनशास्त्राकडे वळलेला. त्यामुळे कचेरीतली मराठी मंडळी मला शास्त्रीबुवा म्हणत. बुद्रो 'पंडित' म्हणे; पण त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला की आपण काहीतरी चोरले आहे असे वाटे.

"बुद्रो काय म्हणता, बुद्रुक म्हणा," पुण्याचा कुलकर्णी म्हणाला होता. हा आमचा उपकरण-विभागातला अभियंता, जिभेने तिखट. "गावाचे दोन भाग असतात, शास्त्रीबुवा. हा बुद्रुक, आपण सगळे खुर्द." ते नाव चिकटले. अरबी आणि फिलिपिनो सहकारीही पुढे त्याला बुद्रुकच म्हणू लागले, आणि हा आपल्या नावाचा स्थानिक उच्चार असावा अशी त्याची शेवटपर्यंत समजूत राहिली.

बुद्रुक ठेंगणा होता, मानेपासून खाली चौकोनी, आणि उन्हाने भाजून विटेच्या रंगाचा झालेला. रोज सकाळी तो गेटाशी उभा राही. तेथे त्याच्यासाठी खुर्ची ठेवलेली असे; तिच्यावर बसलेला मी त्याला कधी पाहिला नाही. आमच्या प्लांटमध्ये एक विषारी वायू असे, ज्याचा वास नाकाला कळेपर्यंत कधीकधी उशीर झालेला असतो. तो सुटला तर पूर्ण चेहऱ्याचा मास्क लावावा लागे, आणि मास्कची रबरी कड कपाळापासून हनुवटीपर्यंत कातडीला घट्ट बसावी लागे. दाढीचे खुंट, तेल, मलम, काहीही मध्ये आले की फट राहते. म्हणून बुद्रुक प्रत्येकाच्या गालावरून अंगठा उलटा फिरवी.

"दाढी?"

"सकाळीच केली, साहेब."

"कुणाची?"

लोक हसत. तो हसत नसे; त्या माणसाला परत पाठवी, आणि त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई. "गेटच्या आत चेहरा माझा," हे त्याचे पालुपद. ते त्याने हिंदीतही पाठ केले होते, "गेट के अंदर मुँह मेरा," आणि ते ऐकून जलीब नावाच्या कामगार-वस्तीतल्या खोल्यांतून येणारे कामगार वळणापर्यंत गेल्यावर पोट धरून हसत. एका कुवेती अधिकाऱ्याने धर्मासाठी राखलेली दाढी काढण्यास नकार दिला, तेव्हा बुद्रुकने त्याला सलाम केला आणि प्लांटच्या बाहेर कागदी कामावर बसवले. वर तक्रार गेली, दबाव आला, पण हा हलला नाही. त्याचा तिरस्कार कुणाही एका धर्माला किंवा देशाला धरून नव्हता, एवढे मला मान्य केले पाहिजे. त्याच्या वर्षांत आमच्या विभागातला एकही माणूस वायूने दगावला नाही. त्याचे श्रेय त्याला देताना अजूनही माझी लेखणी अडते.

आमचे वैर सुरू झाले ते एका महाशिवरात्रीला. पहाटे पूजा करून, कपाळी भस्माचे त्रिपुंड्र लावून मी कामावर गेलो. बुद्रुकने अंगठा पुढे केला आणि कपाळाशी थांबवला.

"हे काय?"

"भस्म."

"काय जाळलेस?"

"देवाचे आहे."

"मास्कला देव कळत नाही. पूस." त्याने ओले फडके माझ्यापुढे धरले.

रांगेत माझ्यामागे चाळीस माणसे होती. मी पुसले. फडक्यावर तीन करड्या रेघा उमटल्या, आणि ते त्याने इतर फडक्यांच्या बादलीत टाकले. ते बादलीत टाकणे मला आजही विसरता आलेले नाही. दुसऱ्या वर्षापासून मी गेटाबाहेरच्या नळावर स्वतःच्या हाताने कपाळ धूत असे, म्हणजे ते त्याच्या बादलीत जाऊ नये.

एकदा प्रयोगशाळेत नमुना तापत असताना मी मनाशी रुद्र म्हणत होतो. तो मागे येऊन उभा राहिला होता.

"कोणती भाषा?"

"संस्कृत."

"कोण बोलतो?"

"आता फारसे कुणी नाही."

"मग तू कुणाशी बोलतोस?"

"जो ऐकतो त्याच्याशी."

"आणि तो उत्तर देतो?"

मला संताप आला. "साहेब, तुम्ही रागावलात की फ्रेंचमध्ये शिव्या देता. या देशात त्यांना तरी कोण उत्तर देतो?"

त्याचा चेहरा एकदम रिकामा झाला. तो निघून गेला, आणि पुढचा महिनाभर माझा मास्क रोज तीनदा तपासत राहिला. त्या बोलण्याचा घाव कुठे बसला ते मला पुढे दाऊदभाईंकडून कळले.

दाऊदभाई आमच्या कॅन्टीनचे मुख्य आचारी. रत्नागिरीच्या खाडीकाठचे, जलीबला एका खोलीत पाच जणांबरोबर राहत. घरी म्हातारे वडील, बायको, तीन मुली. मिळवते हे एकटे. ठेकेदाराने काढलेल्या इकाम्यावर, म्हणजे निवासाच्या परवान्यावर होते; ठेकेदाराने किंवा पोलिसांनी मनात आणले तर दुसऱ्या दिवशी विमानात. बुद्रुक एकटा असल्याने कॅन्टीनमध्येच जेवे आणि दाऊदभाईंना शिव्या देत देत त्यांच्याशीच बोले.

"शास्त्रीकाका, त्याच्या माणसांना इंग्रजांनी हाकलून दिलेलं," दाऊदभाई म्हणाले. "फ्रान्सचे लोक कॅनडात जाऊन शेती करत व्हते. त्यांना बायकामुलांसकट जहाजात कोंबलं न् दिलं सोडून. फिरत फिरत दलदलीत जाऊन ऱ्हायले. ह्याचा बाप शाळेत फ्रेंच बोलला की मास्तर छडी मारायचा. म्हनून बाप घरात बोलायचाच नाय. शिव्या तेवढ्या द्यायचा. ह्याला तेवढंच येतं."

बुद्रुकला वर्षातून एकच दिवस प्रिय होता. ख्रिस्ती लोकांत ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचे व्रत असते. त्याच्या आदल्या मंगळवारी, घरातले तूपमांस संपवून टाकण्यासाठी, ते पोटभर खातात आणि सोंगे आणतात. त्याला 'मार्दी ग्रा' म्हणतात, म्हणजे चरबीचा मंगळवार. शहरांत त्याच्या मिरवणुका निघतात. पण बुद्रुक त्या मिरवणुकांचे नाव निघाले की थुंके. त्याच्या खेड्यात जुन्या फ्रान्सची रीत चालत आली होती: मुखवटे घातलेल्यांची टोळी दारोदार जाऊन नाचते, गुडघ्यांवर बसून भीक मागते, कुणी तांदूळ देतो, कुणी कांदे, कुणी जिवंत कोंबडी उडवून देतो आणि ती पकडायला चिखलात धावाधाव होते. संध्याकाळी त्या सगळ्याचे एकच कालवण करून गाव जेवते. त्यात भेंडी लागते. दरवर्षी दाऊदभाई ते करीत, आणि बुद्रुक दरवर्षी वाडगे आपटी.

"डुक्कर नाही, बिअर नाही! ही मार्दी ग्रा नव्हे, इस्पितळातली पेज आहे!"

"तरी तीन वाडगे खाल्ले," दाऊदभाई आम्हाला मराठीत सांगत.

अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत बुद्रुकच्या मनाने घेतले की यंदा टोळी काढायची. तो महिना वाईट होता. पुन्हा युद्धाची आवई उठली होती, लोक घरासाठी गॅस-मास्क विकत घेत होते, आणि बुद्रुक रात्रंदिवस माणसांना ते लावायला शिकवीत होता. मग तडजोड झाल्याची बातमी आली आणि शहराने श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. बुधवारी राष्ट्रीय दिन म्हणून रस्तोरस्ती दिवे आणि निशाणे लागलेली. या गर्दीत आपली सोंगे कुणाला खुपणार नाहीत असा त्याने हिशेब केला. त्याच बुधवारी त्यांचे व्रत सुरू होत होते आणि आमची महाशिवरात्र होती.

कॅन्टीनमध्ये त्याने कपडे मांडले: गोणपाटाच्या झालरी, जाळीचे मुखवटे आणि उंच निमुळत्या टोप्या.

"ही टोपी का, माहीत आहे?" तो मला ऐकू जाईल असे म्हणाला. "फ्रान्समध्ये गरीब लोक वर्षातून एक दिवस मोठ्यांची टिंगल करीत. टोकदार टोपी सरदारांच्या बायकांची, दुसरी बिशपची, आणि तिसरी, चौकोनी, पंडितांची. ती मी शिवलेली नाही. आपल्याकडे खरा पंडितच आहे."

दाऊदभाईंचे तिकडे लक्ष नव्हते. टोकदार टोपी हातात घेऊन ते खुळ्यासारखे हसत होते. "काका, हा तर आमचा संकासूर! शिमग्यातला! अशीच टोपी, असाच मुखवटा, कमरेला घुंगरू न् हातात दोरा. मी ल्हान असताना चोरून एकदा घातलेलं. वडिलांनी मारला मला. साहेब, मैं करेगा! हम लोग भी घर घर जाके पोस्त माँगता!"

बुद्रुकने नियम सांगितले. कप्तान घोड्यावर असतो, येथे पायी चालेल. कप्तान मुखवटा घालत नाही. त्याच्या हातात पांढरे निशाण आणि गोणपाटाचा वेणीदार चाबूक. तो एकटा दाराशी जाऊन घरधन्याची परवानगी मागतो. निशाण हलल्याखेरीज कुणी अंगणात पाऊल टाकायचे नाही. घरधनी नाही म्हणाला तर टोपी काढून परत. हे त्याने आपल्या गिळलेल्या इंग्रजीत सांगितले, आणि दाऊदभाईंनी सगळ्याला मान डोलावली. पण त्यांच्या डोक्यात शिमगा सुरू झाला होता, आणि शिमग्यात संकासूर कुणाची परवानगी मागत नाही. तो सगळ्यांच्या पुढे धावतो, अचानक अंगणात उडी घेतो, आणि तो आला यातच घराचे भले मानतात.

मी त्या वेळी शहरातल्या रुमैथिया भागात एका वृद्ध कुवेती बाईंच्या घराच्या आवारात, मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. त्यांना सगळे उम्म युसुफ म्हणत. आक्रमणाच्या वेळी सैनिकांनी त्यांच्या यजमानांना त्याच अंगणातून नेले होते, आणि ते परत आले नव्हते. बाई अंगणात कोंबड्या पाळून होत्या आणि बाहेर फारशा जात नसत.

मंगळवारी दुपार कलताना माझ्या फाटकाशी घुंगरू वाजले. टोळी रस्त्यात थांबली होती. बुद्रुक एकटा पुढे आला. विटकरी चेहरा, डोक्यावर हॅट, हातात निशाण. त्याने प्रथम फ्रेंचमध्ये काही म्हटले. शिव्यांखेरीज त्याची फ्रेंच मी तेवढीच ऐकली. ती सावकाश आणि अडखळत येत होती. मग इंग्रजीत: "या टोळीला घरात घेशील, पंडित?"

"नाही."

"कोंबडी नको. तांदूळ दे."

"कोंबडीबरोबर शिजायचे तांदूळ माझ्या घरचे नसतील. उद्या माझा उपास आहे."

त्याचे कान लाल झाले. आता हा शिवी देणार असे वाटले. पण त्याने हॅट काढली, निशाण खाली केले आणि वळला. मी नकार दिला याचे मला आजही काही वाटत नाही. नकाराची सोय त्याच्याच रीतीत होती, आणि ती रीत त्याने पाळली.

तेवढ्यात आवाराच्या पुढच्या बाजूने किंकाळी आली.

बाजूच्या भिंतीपलीकडून कोंबड्यांचा आवाज ऐकून दाऊदभाईंनी उडी घेतली होती. उम्म युसुफ दाणे टाकीत होत्या. काळ्या झालरींचा, चेहरा नसलेला एक मनुष्य आकाशातून त्यांच्या अंगणात पडला. त्या जागच्या जागी खाली बसल्या. मी पोहोचलो तेव्हा त्यांचा मुलगा युसुफ दाऊदभाईंना भिंतीशी दाबून धरून होता, मुखवटा तसाच होता, आणि आतून दाऊदभाई "माफी, माफी" म्हणत रडत होते.

पोलीस लगेच आले. व्याकरणाच्या आवडीमुळे मी अरबी बरी शिकलो होतो, म्हणून दुभाषाचे काम माझ्याकडे आले. अधिकारी तरुण होता, शांत होता. त्याने बोटांवर मोजले: "मुखवटा. भिंत. भीक. यांतल्या एकासाठीही माणूस विमानात बसतो." मग दाऊदभाईंकडे हात केला. "याचा इकामा."

बुद्रुक मध्ये येऊन उभा राहिला. "त्याला काय विचारता? मुखवट्यातल्या माणसाला नाव नसते. कप्तानाचा चेहरा उघडा असतो तो याचसाठी. निशाण मी हलवले. तो माझ्या हुकमाने गेला. माझे नाव लिही."

हे असत्य होते, आणि त्याचे अरबी मला करायचे होते. बोलणे त्याचे आहे, भाषा तेवढी माझी, असे मनाशी म्हणून मी शब्दाला शब्द ठेवला. अधिकाऱ्याने माझ्याकडे रोखून पाहिले.

"तू दारात होतास. निशाण हलले?"

दाऊदभाईंचे रडणे थांबले होते.

"निशाण त्याच्या हातात होते," मी म्हणालो, "आणि वारा सुटला होता."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिसरी त्याने विचारली नाही.

युसुफ ओरडू लागला की दोघांनाही हाकला. तेव्हा ओट्यावर पाण्याचा पेला धरून बसलेल्या उम्म युसुफ बोलल्या. "तो उघड्या तोंडाचा काय म्हणतो?"

मी सांगितले.

त्यांनी पेला खाली ठेवून बुद्रुककडे पाहिले. "तुझ्या बापाला नेले तेव्हा मी प्रत्येकाला नाव विचारले होते," त्या मुलाला म्हणाल्या. "एकानेही सांगितले नाही. हा न विचारता सांगतो आहे. याचे लिहून घ्या. त्या रडणाऱ्याला जाऊ द्या."

तसे झाले. बुद्रुकने सही केली. मग दाऊदभाईंचा मुखवटा स्वतःच्या हाताने ओढून काढला, आणि सर्वांदेखत तो गोणपाटाचा चाबूक त्यांच्या पाठीवर दोनदा ओढला. "निशाण! निशाण देखा था? गधा!" तिसऱ्याला अधिकाऱ्याने हात धरला.

बाहेर पडताना तो माझ्याजवळ थांबला. "तू वारा म्हणालास?"

"वारा होता."

"मला तुझी मदत नको होती."

"ती मदत नव्हती."

"ठीक," तो म्हणाला. "आमच्या लोकांना एकदा हाकलले आहे. माझ्या टोळीतला माणूस कुणी हाकलायचा नाही. तुझ्यासाठी मी बोटही उचलले नसते, पंडित." त्यावर माझा पूर्ण विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. पण प्लांटला सुटी नसते, आणि सणाच्या दिवशी इतरांना घरी राहता यावे म्हणून मी पाळी घेतली होती. पहाटेची पूजा आटोपून, त्रिपुंड्र लावून गेटाशी आलो. बुद्रुक गेटाबाहेर उभा होता. कंपनीने रातोरात त्याला पदावरून काढले होते, पास घेतला होता. येत्या शनिवारी तो जाणार होता. मास्कच्या खोलीच्या किल्ल्या द्यायला आला होता, आणि नव्या माणसाला त्या देऊनही गेला नव्हता. त्याच्या कपाळावर राखेचा फराटा होता. व्रताच्या पहिल्या दिवशी त्यांचा पाद्री ती लावतो, तू माती आहेस याची आठवण म्हणून. शहरातल्या चर्चमधून तो थेट आला असावा.

आम्ही एकमेकांच्या कपाळाकडे पाहिले. नवा सुरक्षा-अधिकारी आतून म्हणाला, "चला हो, आज सणाचा दिवस आहे. राहू द्या कपाळावर."

"पूस," बुद्रुक म्हणाला. बादली तेथेच होती. त्याने ओले फडके काढून माझ्यापुढे धरले.

मी त्याच्या कपाळाकडे बोट केले. "आणि तुमचे?"

"गेटच्या आत चेहरा माझा," तो म्हणाला. "मी बाहेर आहे."

मी फडके घेतले नाही. नळावर जाऊन कपाळ धुतले आणि आत शिरलो. आतून वळून पाहिले, तर तो गजांना लागून उभा होता, हात मागे बांधून, राख उन्हात कोरडी पडत चाललेली. मला वाटले, आता तरी काही बोलेल.

"डावीकडे," तो ओरडला, "एक रेघ राहिली आहे."

मी हाताने चाचपले. राहिली होती.